राणीचे केस: शस्त्रक्रियेनंतर वाढलेल्या केसगळतीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

राणी (नाव बदलले आहे) ही सहा वर्षांची, लॅब्राडोरच्या वळणाची मिश्र जातीची कुत्री आमच्या दवाखान्यात लहानपणापासून येते. घरात आजी, आई-वडील, शाळकरी मुलगा आणि एक मांजर आहे. केस गळणे या घराला नवे नव्हते. वर्षातून दोनदा दिवसाची लांबी बदलू लागली की राणीच्या अंगावरचा आतला मऊ थर पुंजक्यांनी सुटे, तीन-चार आठवडे घरभर केस दिसत आणि मग ते आपोआप आटोक्यात येई.

पुढचे निर्णय समजण्यासाठी या नेहमीच्या गळतीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. राणीसारख्या कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस राठ असतात आणि पाणी, ऊन व ओरखडे अडवतात. खालचा थर दाट व मऊ असून तो अंगाचे तापमान सांभाळतो. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग वाढ थांबते, तो मुळाशी विश्रांतीत राहतो आणि शेवटी सुटतो. पूडलसारख्या जातींत बहुतेक केस दीर्घकाळ वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणून त्यांचे केस फारसे गळत नाहीत, पण कापावे मात्र लागतात. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डमध्ये उलट असते. त्यांचे बहुतेक केस कोणत्याही दिवशी विश्रांतीतच असतात आणि ऋतू बदलताना मोठ्या संख्येने एकदम सुटतात. या बदलाची मुख्य खूण शरीराला प्रकाशाच्या कालावधीवरून मिळते, आणि तापमान, संप्रेरके व आहार यांचाही त्यात वाटा असतो. घरात दिव्यांच्या उजेडात राहणाऱ्या कुत्र्यांची गळती म्हणूनच पुष्कळदा वर्षभर थोडी थोडी चालू राहते.

या प्रकरणाच्या अकरा आठवडे आधी राणीच्या गर्भाशयात पू झाला होता. दोन दिवस तिला खूप ताप होता, ती अन्नाला तोंड लावत नव्हती, आणि तातडीने शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढावे लागले. ती शस्त्रक्रिया आमच्याच दवाखान्यात झाली. घरी सोडताना दिलेल्या कागदावर आम्ही लिहिले होते, ‘पचायला हलका आहार द्यावा: उकडलेला भात आणि चरबी नसलेले थोडे उकडलेले मांस.’ तो किती दिवस द्यावा, हे आम्ही लिहिले नव्हते.

समस्या

शस्त्रक्रियेनंतर साधारण आठव्या आठवड्यात केस गळू लागले. सुरुवातीला घरच्यांनी ती नेहमीची ऋतूची गळती मानली. दहाव्या आठवड्यात आईंच्या लक्षात आले की या वेळी मऊ थराबरोबर वरचे राठ केसही येत आहेत, आणि पाठीवरून हात फिरवला तरी मूठभर केस हातात राहतात. अकराव्या आठवड्यात ते तिला घेऊन आले, तेव्हा तीन तक्रारी एकत्र होत्या: केस गळतात, शेपटीच्या मुळाशी ती अधूनमधून चावते, आणि मागच्या दोन आठवड्यांत ती पाणी जास्त पीत होती.

चौथी गोष्ट त्यांनी निघताना, दारापाशी उभे राहून सांगितली. मुलाला शिंका येत होत्या, आणि घरात कोणीतरी राणीला दुसऱ्या घरी देण्याविषयी बोलले होते. सहा वर्षे माणसांत वाढलेल्या जनावरावर घर सुटण्याची वेळ केवळ केसांमुळे यावी, हे मला अतिशय अस्वस्थ करणारे वाटले. त्या अस्वस्थतेचा परिणाम माझ्या पुढच्या निर्णयांवर झाला. मी घाई केली.

पहिल्या भेटीतील तपासणी

मराठीत आपण ‘केस गेले’ असे दोन्ही प्रसंगी म्हणतो, पण केस सुटून पडणे आणि केस न उगवणे या वेगळ्या घटना आहेत. म्हणून फरशीवर किती केस पडतात, यापेक्षा अंगावर काय उरले आहे आणि त्याखालची त्वचा कशी आहे, हे आधी पाहावे लागते. राणीच्या अंगावर टक्कल कोठेही नव्हते. दोन्ही कुशींवरचा थर विरळ आणि निस्तेज होता, पण भांग पाडून पाहिले असता त्वचा गुलाबीसर, पातळ न झालेली आणि खपल्या नसलेली होती. गजकर्णात दिसणारे गोल चट्टे नव्हते. शेपटीच्या मुळाशी मात्र लालसरपणा आणि बारीक काळे कण आढळले. ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवताच त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला. पिसवांच्या विष्ठेत पचलेले रक्त असते, त्यामुळे असा डाग उमटतो. साध्या मातीचा उमटत नाही. त्वचेच्या खोल खरवडीत माइट हे सूक्ष्म परजीवी सापडले नाहीत.

काही केस चिमट्याने उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कुशींवरील केसांची टोके निमुळती आणि अखंड होती. कुत्रे चाटून किंवा चावून केस काढत असेल तर टोके तुटलेली दिसतात, म्हणून तेथील गळती खाजेची नव्हती. मुळे जवळजवळ सगळी विश्रांतीच्या अवस्थेतील होती. हा पुरावा पुष्टी देणारा असला तरी निर्णायक नव्हता, कारण अशा जातीत निरोगी कुत्र्याचेही बहुतेक केस त्याच अवस्थेत सापडतात.

वजन २९ किलोवरून २७.५ किलोवर आले होते. नाडी चांगली होती, ती चपळ होती, उबेच्या जागा शोधत नव्हती.

तोवर जमलेली माहिती एका ओळखीच्या चित्राकडे बोट दाखवत होती. तीव्र ताप, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण असा शरीरावर आघात झाला की वाढीत असलेले केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीत जातात, आणि एक ते तीन महिन्यांनी, नवे केस खालून येऊ लागताना, सगळे मिळून सुटतात. काळाचा मेळ बरोबर बसत होता. तरीही ‘पाणी जास्त पिते’ या एका वाक्याने मी संप्रेरकांच्या आजारांकडे वळलो आणि त्याच दिवशी रक्त घेतले. पाण्याविषयी ऐकल्यावर पुढचा प्रश्न कोणता विचारायला हवा होता, तो मला त्या दिवशी सुचला नाही.

पहिला निर्णय: केस पूर्ण काढावेत का

वडिलांची मागणी स्पष्ट होती. मशीन फिरवून सगळे केस काढले तर घर स्वच्छ राहील आणि तिलाही मोकळे वाटेल, असे त्यांचे म्हणणे होते. ती मागणी चुकीच्या हेतूची नव्हती, म्हणून ‘नको’ म्हणण्याआधी कारणे समजावणे मला आवश्यक वाटले.

दुहेरी थराच्या कुत्र्यांत केस त्वचेलगत कापले तर काहींमध्ये ते अनेक महिने उगवतच नाहीत, किंवा आधी मऊ थर उगवून पोत बिघडतो. राणीचे केस मुळातच विश्रांतीत अडकलेले असताना हा धोका अधिक होता. शिवाय कापल्याने गळती थांबत नाही, फक्त पडणारे तुकडे आखूड होतात, आणि आखूड केस कापडात अधिक घट्ट रुततात. उघड्या त्वचेला उन्हाचा त्रास होतो, तो वेगळाच. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कारण निराळे होते: केस काढून टाकले की नवे केस येत आहेत की नाहीत, याची नोंद ठेवण्याचे साधनच हातातून जाते. वडिलांनी सहा आठवडे थांबण्याचे मान्य केले.

दुसरा निर्णय: रक्ताच्या अहवालाचे काय करावे

दोन दिवसांनी अहवाल आला. एकूण टी-४ हे थायरॉइडचे संप्रेरक मर्यादेच्या खाली होते आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर थोडे वाढलेले होते. कोलेस्टेरॉल आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, मर्यादेत होते.

समोर तीन वाटा होत्या. पहिली, थायरॉइडची गोळी सुरू करून पाहणे. दुसरी, वाढलेले विकर आणि तहान धरून कुशिंग्ज या अधिवृक्क ग्रंथीच्या आजाराच्या चाचण्या करणे. तिसरी, थांबून चाचणी पुन्हा करणे.

पहिली वाट मोहात पाडणारी होती. मध्यमवयीन, मोठ्या बांध्याची, केस विरळ झालेली कुत्री आणि कमी टी-४ एवढे कागदावर दिसले की औषध लिहावेसे वाटते. पण थायरॉइड मंदावलेल्या कुत्र्याचे वजन बहुधा वाढते, त्याला आळस येतो, कोलेस्टेरॉल पुष्कळदा चढते. येथे वजन उतरले होते आणि कुत्री खेळत होती. टीएसएच सामान्य असले म्हणून थायरॉइडचा आजार नाहीच असे म्हणता येत नाही, हे खरे आहे. मात्र थायरॉइड निरोगी असतानाही आजारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि काही औषधे यांमुळे टी-४ खाली येते. त्याहून मोठा धोका असा की थायरॉइडचे संप्रेरक निरोगी कुत्र्याच्याही केसांना वाढीत ढकलते. गोळी सुरू केली असती आणि केस आले असते, तर ते गोळीमुळेच आले असे आम्ही सर्वांनी मानले असते, आणि कदाचित राणीने ती आयुष्यभर घेतली असती.

अहवाल सांगण्यासाठी मी फोन केला आणि कोणत्या औषधांनी असे आकडे बदलतात, याची यादी वाचत होतो. ‘स्टेरॉइड’ या शब्दापाशी आईंनी मला थांबवले. ‘डॉक्टर, मागच्या वर्षी तिच्या कानासाठी दिलेल्या गोळ्या उरल्या होत्या. ती शेपटीशी चावत होती, म्हणून आम्ही त्या बारा दिवस दिल्या. तुमच्याकडे यायच्या तीन दिवस आधी संपल्या.’ त्या गोळ्या प्रेडनिसोलोनच्या होत्या.

एका वाक्यात सगळे जुळले. स्टेरॉइडने तहान वाढते, कुत्र्यांत अल्कलाइन फॉस्फटेज वाढते, टी-४ उतरते, आणि खाज दबल्यामुळे पिसवा घरात राहूनही लक्षात येत नाहीत. आईंनी काही लपवले नव्हते. मी ‘सध्या कोणते औषध चालू आहे का’ असे विचारले होते, आणि त्या दिवशी खरोखरच कोणतेही चालू नव्हते. आम्ही तिसरी वाट निवडली: सहा आठवडे कोणतेही स्टेरॉइड द्यायचे नाही आणि मग टी-४ पुन्हा तपासायचे.

तिसरा निर्णय: आहार

फोनवरच कळले की हलका आहार अजून चालू आहे. काही दिवसांसाठी सांगितलेला भात आणि थोडे मांस राणी अकरा आठवडे खात होती. घरच्यांनी आमचा कागद निष्ठेने पाळला होता.

केस जवळजवळ पूर्णपणे प्रथिनांचे बनलेले असतात, आणि कुत्र्याच्या रोजच्या प्रथिनांच्या गरजेचा मोठा भाग, सुमारे पंचवीस ते तीस टक्के, त्वचा व केसांवर खर्च होऊ शकतो. भाताचे प्रमाण अधिक असलेल्या त्या ताटात प्रथिने अपुरी होती; चरबी काढून टाकल्यामुळे लिनोलिक आम्ल हे त्वचेला आवश्यक मेदाम्ल जवळजवळ नव्हते; जस्त, तांबे आणि काही जीवनसत्त्वेही कमी होती. घरी शिजवलेले अन्न वाईट असते, असा याचा अर्थ नाही. पोषणतज्ज्ञ पशुवैद्याकडून मोजून घेतलेला घरगुती आहार उत्तम असू शकतो, पण आजारपणासाठी सांगितलेले पथ्य हा संपूर्ण आहार नसतो.

ती शस्त्रक्रियेपूर्वी खात असलेल्या संतुलित आहारावर दहा दिवसांत, थोडा थोडा बदल करत परतायचे ठरले. त्याच दिवशी मी माशाचे तेलही सुरू करायला सांगितले. दुसऱ्या आठवड्यात तिला पातळ शौच होऊ लागले आणि ते नव्या आहारामुळे की तेलामुळे, हे कोणालाच सांगता येईना. तेल थांबवल्यावर ते थांबले. तेल नंतर अगदी कमी मात्रेत पुन्हा सुरू करता आले, तरी ओमेगा-३ चा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे दोन आठवड्यांच्या विलंबाने काहीच बिघडले नसते. दोन बदल एका दिवशी करण्याला माझ्याकडे कारण नव्हते, फक्त घाई होती.

पिसवा आणि घर

याविषयी मतभेद नव्हते, त्यामुळे थोडक्यात नोंदवतो. प्रौढ पिसवा जनावराच्या अंगावर असतात, पण त्यांची अंडी, अळ्या आणि कोश बिछान्यात व फटींत असतात. म्हणून औषध राणी आणि मांजर दोघांनाही, प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे आणि प्रत्येकाच्या प्रजातीसाठीच बनवलेले, निदान तीन महिने देणे आवश्यक होते. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांतील परमेथ्रिन मांजराला विषारी ठरते, हे मी लिहून दिले. अंथरुणे गरम पाण्यात धुतली, फटी व्हॅक्यूमने साफ केल्या.

मुलाच्या शिंकांसाठी त्याच्या डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला दिला. कुत्र्याची ॲलर्जी केसामुळे नव्हे, तर लाळेतील आणि कोंड्यातील प्रथिनांमुळे होते. केस ती फक्त वाहून नेतात. त्यामुळे केस काढल्याने शिंका थांबतील, हा हिशेब बरोबर नव्हता. राणीला मुलाच्या झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवायचे, एवढे तात्पुरते ठरले.

विंचरणे आणि मोजणे

घरच्यांनी सर्वांत मनापासून केलेले काम हेच होते. रोज दहा मिनिटे, घराबाहेर, केसांच्या दिशेने, एका वेळी एक पट्टा उघडून विंचरायचे: आधी मऊ थरासाठी लांब, बोथट दात्यांचा कंगवा, मग बारीक तारांचा ब्रश. दर तीन-चार आठवड्यांनी कुत्र्यांसाठीच्या शांपूने अंघोळ घालायची, पण विंचरून झाल्यावर, कारण सुटे केस ओले झाले की त्यांच्या गुठळ्या होतात. शांपू नीट धुऊन काढणे आणि मऊ थर मुळापर्यंत वाळवणे, या दोन गोष्टींवर मी भर दिला.

दर रविवारच्या दहा मिनिटांत निघालेले केस पिशवीत भरून स्वयंपाकघरातील काट्यावर तोलायची कल्पना मुलाची होती. ती मला फार आवडली, कारण ‘खूप’ आणि ‘कमी’ या शब्दांवर घरात रोज वाद होत असे. पहिल्या रविवारी १८ ग्रॅम, तिसऱ्या रविवारी १५ ग्रॅम भरले. पाचव्या रविवारी काटा २२ वर गेला.

त्या दिवशी वडिलांचा फोन आला. महिनाभर सगळे करूनही केस वाढले, आता मशीन फिरवू द्या, असे ते म्हणाले. त्यांचा थकवा मला स्पष्ट ऐकू येत होता. मी फक्त कुशीवर भांग पाडून जवळून फोटो पाठवायला सांगितले. फोटोत जुन्या केसांच्या मध्ये अर्ध्या सेंटिमीटरचे नवे, चमकदार केस दाट उभे होते. नवा केस वर येताना जुना बाहेर पडतो, त्यामुळे सुधारणेच्या सुरुवातीला गळती काही दिवस वाढू शकते. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. तसे केले असते तर तो रविवार त्यांना एवढा जड गेला नसता.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट उघड झाली. गळती वाढलेली पाहून वडिलांनी पाते असलेले केस काढण्याचे साधन आणून रोज वीस मिनिटे वापरले होते. कमरेच्या हाडावर त्वचा खरचटली होती आणि वरचे राठ केस अर्ध्यात तुटले होते. अशी साधने फार जोर लावून किंवा फार वेळ फिरवली की सुट्या केसांबरोबर चांगले केसही तोडतात. ते बंद केले.

परिणाम

सहा आठवड्यांनी टी-४ मर्यादेत आले आणि अल्कलाइन फॉस्फटेज उतरले. कुशिंग्जच्या चाचण्यांची गरज उरली नाही. आठव्या रविवारी ५ ग्रॅम केस निघाले. वजन तिसऱ्या महिन्यात २९ किलोवर परतले, आणि पाचव्या महिन्यात कुशींवरचा थर भरला. कमरेवर तुटलेले केस भरायला सर्वांत जास्त वेळ लागला. मुलाच्या चाचणीत कुत्र्याची नव्हे, तर धुळीतील माइटची ॲलर्जी निघाली. राणीला दुसरीकडे देण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. पुढच्या ऋतुबदलात तिचे केस पुन्हा गळले, नेहमीप्रमाणे तीन-चार आठवडे.

गळती तापाच्या आघाताने झाली की अपुऱ्या आहाराने, याचे नेमके वाटप मला करता येत नाही. माझा अंदाज असा की आघाताने ती सुरू झाली आणि आहाराने लांबली. एक-एक बदल केला असता तर अधिक खात्रीने बोलता आले असते, पण आहार आणखी काही आठवडे तसाच ठेवून पाहणे योग्य ठरले नसते, हेही खरे आहे.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या भेटीत रक्त घ्यायला नको होते. अकरा आठवड्यांपूर्वीचा ताप, अखंड टोकांचे केस आणि निरोगी त्वचा एवढ्यावर आहार आणि पिसवा यांचा बंदोबस्त करून सहा आठवडे थांबता आले असते. तहानेचा खुलासा एका प्रश्नाने झाला असता. आता मी ‘औषध चालू आहे का’ असे न विचारता, ‘गेल्या दोन महिन्यांत तिच्या पोटात, कानात किंवा अंगावर काय काय गेले, उरलेली जुनी औषधे धरून’ असे विचारतो. पहिल्या दिवशीच कुशींचे फोटो काढून ठेवायला हवे होते. आणि कानाचे औषध वर्षभरापूर्वी देताना उरलेल्या गोळ्यांचे काय करायचे, हेही आम्हीच सांगायला हवे होते.

आहाराची चूक मात्र घरच्यांची नव्हतीच. शस्त्रक्रियेनंतर देण्याच्या कागदावर आम्ही आता हलक्या आहारासमोर शेवटची तारीख लिहितो, आणि त्या तारखेला दवाखान्यातून घरी फोन जातो.